पोरात दम आहे का? तरुण इनफिल्डर पारखायचा कसा

आजचा भाग बेसबॉलवर आहे. आता तुम्ही म्हणाल, जबलपूरच्या राइट टाउनमध्ये बसून बेसबॉल कशाला? अहो, त्याला कारण आहे. इथल्या पंडित रविशंकर शुक्ल स्टेडियमपाशी संध्याकाळी चक्कर मारा, नाहीतर नागपूर, इंदूर, बडोदा, बेळगाव, मडगाव इथल्या कुठल्याही मैदानावर जा. मुलं खेळत असतात, कडेला आईबाबा उभे असतात, आणि प्रशिक्षक जरा मोकळे झाले की एकच प्रश्न येतो, "सर, पोरात दम आहे का हो?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरावर बरंच काही ठरतं. शाळा बदलायची का, शिकवणी सोडायची का, दुसऱ्या शहरात ठेवायचं का, कर्ज काढून किट घ्यायचं का. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाने स्वतःबद्दल काय समजायचं.

अमेरिकेत हाच प्रश्न विचारणं हा पूर्णवेळ पेशा आहे. बेसबॉलच्या क्लबांकडून पगार घेणारे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक, गावोगाव फिरतात आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांबद्दल लेखी अंदाज देतात. त्यातही सगळ्यात अवघड पारख असते ती इनफिल्डरची. ती कशी करतात हे समजून घेतलं, तर आपल्या मैदानावरच्या मुलाकडे बघायची नजर बदलते. म्हणून आजचा हा विषय.

इनफिल्डर म्हणजे कोण?

बेसबॉलचं मुख्य मैदान चौकोनी असतं. चार कोपऱ्यांवर चार ठाणी. एका ठाण्यावर बॅटर उभा राहतो, बाकी तिघांना पहिला, दुसरा आणि तिसरा बेस म्हणतात. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७ मीटरच्या जरा वर. या चौकोनाच्या आसपास जे चार क्षेत्ररक्षक असतात ते इनफिल्डर. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसजवळ एकेक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात चौथा. या चौथ्याला शॉर्टस्टॉप म्हणतात.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर शॉर्टस्टॉप म्हणजे पॉइंट आणि कव्हर एकाच माणसाने सांभाळायचं, आणि तेही प्रत्येक चेंडूवर रनआउट करायचंय असं समजून. बॅटरने चेंडू जमिनीवरून मारला की तो धावत सुटतो. मेजर लीगमधला साधारण वेगाचा उजवा बॅटर पहिल्या बेसवर सुमारे ४.३ सेकंदांत पोहोचतो. चेंडू त्याच्या आधी तिथे पोहोचायला हवा.

आता हिशेब करा. शॉर्टस्टॉपपासून पहिला बेस ३५ ते ४० मीटर लांब. ताशी १३० किलोमीटर वेगाने फेकलेल्या चेंडूला तेवढं अंतर कापायला एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. मारलेला चेंडू फिल्डरपर्यंत यायला दीड-दोन सेकंद गेलेले असतात. म्हणजे वाकणं, चेंडू घेणं, तो ग्लव्हमधून हातात आणणं, पाय रोवणं आणि फेकणं या सगळ्याला उरतो जेमतेम सेकंदभर. म्हणून इनफिल्डरचा ग्लव्ह आउटफिल्डरच्या ग्लव्हपेक्षा लहान असतो. मोठ्या ग्लव्हमध्ये चेंडू खोल जाऊन बसतो, आणि तो शोधायला वेळ लागतो.

या एका सेकंदात काय दिसतं ते स्काउट बघतो. मुलगा किती जोरात फेकतो हे यंत्र सांगतं. पण चेंडू बॅटवर लागायच्या क्षणी त्याचं पहिलं पाऊल कुठे पडलं, चेंडू अचानक वेडावाकडा उसळला तेव्हा हात ताठ झाले की सैल राहिले, हे यंत्रापेक्षा डोळ्यांना जास्त कळतं. आपल्याकडे खो-खो पाहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. पळण्याच्या शर्यतीत पहिला येणारा पोरगा खो-खोत चांगला असेलच असं नाही. "खो" कानावर पडताच ज्याचं पाऊल योग्य दिशेला पडतं, तो वेगळाच असतो.

वेग मोजता येतो, हात मोजता येत नाहीत

भारतात याचा एक मोठा प्रयोग होऊन गेलाय. २००८ मध्ये मिलियन डॉलर आर्म नावाची स्पर्धा भारतभर झाली. ज्याला वेगाने आणि नेमका चेंडू फेकता येतो त्याने यावं, असं आवाहन होतं. त्यातून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू पुढे आले, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. बेसबॉल त्यांना ठाऊकच नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या क्लबने दोघांशी करार केला. दोघं मायनर लीगमध्ये खेळले. रिंकू तर काही वर्षं टिकला. पण मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कोणी पोहोचलं नाही. २०१४ मध्ये त्यांच्यावर हॉलिवूडचा चित्रपटही आला.

हे दोघं पिचर होते, म्हणजे चेंडू फेकणारे. असा शोध पिचरसाठी निदान घेता तरी येतो, कारण रडार गन लावली की वेगाचा आकडा समोर येतो. इनफिल्डरसाठी अशी स्पर्धा भरवताच येणार नाही. त्याचं कौशल्य हजारो चेंडू घेऊन अंगात मुरलेलं असतं.

मराठी माणसाला याचं उत्तम उदाहरण घरातच सापडेल. एकनाथ सोलकर. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावरच्या ग्राउंड्समनचा मुलगा. २७ कसोटींत त्यांनी ५३ झेल घेतले, त्यातले कितीतरी फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेट नसण्याच्या काळात. १९७१ मध्ये ओव्हलवर वेंकटराघवनच्या गोलंदाजीवर त्यांनी ॲलन नॉटचा पुढे झेपावून घेतलेला झेल आजही दाखवला जातो. सोलकरांची पारख धावण्याच्या घड्याळावर किंवा फेकीच्या वेगावर केली असती, तर कागदावर काय उरलं असतं? त्यांचं मोठेपण होतं चेंडू येईपर्यंत न हलण्यात आणि आल्यावर चुकीच्या दिशेला न हलण्यात.

वीस ते ऐंशीची फूटपट्टी

मग स्काउट हे लिहितात कसं? त्यांच्याकडे एक जुनी मोजपट्टी आहे. ती २० पासून ८० पर्यंत जाते. ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण दर्जा. ६० म्हणजे त्याहून स्पष्टपणे वरचा. ७० दुर्मिळ. ८० एखाद्यालाच मिळतात. खाली ४० म्हणजे कमी, ३० म्हणजे फारच कमी.

हे गुण पाच बाबतींत देतात: चेंडूला बॅट लावण्याची क्षमता, ताकद, धावणं, क्षेत्ररक्षण आणि फेक. यातली मला आवडणारी गोष्ट अशी की प्रत्येक बाबतीत दोन आकडे लिहितात, एक आजचा आणि एक उद्याचा. सतरा वर्षांच्या मुलाच्या ताकदीपुढे आज ३० आणि उद्या ५५ असं असू शकतं. खांदे रुंद आहेत, अंग अजून भरायचं आहे, चेंडू बॅटच्या मध्यावर येतोय, मग ताकद येईल असा तो अंदाज.

आपल्या निवड चाचण्यांत बहुतेक वेळा एकच आकडा असतो, आजचा. आणि आजच्या आकड्यावर आपण उद्याचा निकाल लावून मोकळे होतो.

अर्थात स्काउटांचा उद्याचा आकडाही चुकतो. व्हेनेझुएलाचा होसे अल्तुवे हा दुसऱ्या बेसवरचा खेळाडू. ह्यूस्टन ॲस्ट्रोज क्लबच्या चाचणीला गेला तेव्हा फारच बुटका म्हणून त्याला परत पाठवलं. वडिलांनी धीर दिला, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभा राहिला. २००७ मध्ये क्लबने त्याला अवघ्या १५ हजार डॉलरवर घेतलं. उंची पाच फूट सहा इंच. पुढे त्याने तीन वेळा आपल्या लीगमध्ये सर्वोत्तम सरासरी राखली, आणि २०१७ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उंची तर पहिल्या दिवशीच सगळ्यांना दिसली होती. त्याचे हात कसे आहेत, हे बघायला दुसरा दिवस लागला.

शिडी आणि तिच्यावरचं वय

आता मायनर लीगकडे येऊ. अमेरिका आणि कॅनडात मिळून मेजर लीगचे ३० क्लब आहेत. प्रत्येक क्लबच्या हाताखाली पूर्ण मोसम खेळणारे चार संघ, म्हणजे २०२१ पासून एकूण १२० संघ. ही चार पायऱ्यांची शिडी आहे. तळाला सिंगल-ए, मग हाय-ए, मग डबल-ए, आणि सगळ्यात वर ट्रिपल-ए. सिंगल-एच्याही खाली सराव केंद्रावर चालणाऱ्या नवोदितांच्या लीग. दर वर्षी जुलैमध्ये नव्या खेळाडूंची निवड होते, त्याला ड्राफ्ट म्हणतात. आज त्याच्या २० फेऱ्या असतात. निवडलेल्यांपैकी बहुसंख्य मुलं मेजर लीगचं मैदान कधीच बघत नाहीत. पहिल्या फेरीतलेसुद्धा सगळे पोहोचत नाहीत.

या शिडीवरच्या मुलाची पारख करताना जाणकार पहिला प्रश्न विचारतात, "वय काय?" हाय-एमध्ये खेळणारे बरेचसे २१ ते २३ वर्षांचे असतात, त्यातले कितीतरी कॉलेजचं क्रिकेट म्हणावं तसं कॉलेजचं बेसबॉल खेळून आलेले. तिथे २४ वर्षांच्या खेळाडूने भरपूर होम रन मारले तर त्याचं कौतुक जपून होतं. १९ वर्षांचा मुलगा त्याच लीगमध्ये तग धरून असेल, तर त्याच्या साध्या आकड्यांनाही वजन येतं. बारावीतल्या मुलाने एमएस्सीच्या वर्गात बसून ४५ टक्के मिळवले, तर तुम्ही त्याला नापास म्हणाल का?

हा वयाचा मुद्दा आपल्या चौदा-सोळा वर्षांखालच्या क्रिकेटला तर फारच लागू आहे. वयाची सीमा एका तारखेला असते. त्या तारखेच्या लगेच नंतर जन्मलेला मुलगा आणि पुढच्या वर्षी त्या तारखेच्या जरा आधी जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात, पण दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढं तरी. कॅनडात १९८०च्या दशकात आइस हॉकीच्या संघांची पाहणी झाली, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्या खेळाडूंची संख्या विलक्षण जास्त निघाली. कारण उघड होतं. मोठी मुलं आधी निवडली गेली, त्यांना चांगला सराव मिळाला, आणि मग ती खरोखरच चांगली झाली. आपल्या क्रिकेट मंडळानेही २०१२ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी हाडांवरून वय ठरवण्याची टीडब्ल्यू-३ चाचणी घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे खोट्या वयाला चाप बसतो. पण गटातला सगळ्यात लहान मुलगा कमजोर वाटतो, त्यावर औषध एकच: नोंदवहीत त्याच्या नावापुढे जन्ममहिना लिहून ठेवणं.

अर्जुन निम्मलाची गोष्ट

हे सगळं एका खऱ्या मुलावर लावून बघू. अर्जुन निम्मला. आईवडील आंध्रातून अमेरिकेत गेलेले, मुलगा फ्लोरिडात वाढलेला. जन्म ऑक्टोबर २००५. शॉर्टस्टॉप. जुलै २०२३ मध्ये टोरंटो ब्लू जेज क्लबने त्याला पहिल्या फेरीत, २०व्या क्रमांकावर निवडलं. तेव्हा तो १७ वर्षांचा होता, त्या वर्षीच्या निवडीतल्या सगळ्यात लहान मुलांपैकी एक. करार तीस लाख डॉलरचा. स्थलांतरित भारतीय कुटुंबातला मुलगा पहिल्या फेरीत निवडला जाणं ही मोठी बातमी होती, आणि ती तशी गाजलीही.

पुढे काय झालं ते ऐका. २०२४ मध्ये, १८ व्या वर्षी, त्याला सिंगल-एच्या डनीडिन संघात टाकलं. सुरुवात वाईट झाली. स्ट्राइकआउट फार व्हायला लागले. स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइक झाल्यावर बॅटर बाद. क्लबने मग एक शहाणपणाची गोष्ट केली. त्याला काही आठवडे सामन्यांतून बाजूला काढलं आणि सराव केंद्रावर नेऊन बॅट फिरवण्याच्या पद्धतीवर काम केलं. परत आला तेव्हा तो वेगळा दिसत होता. उरलेल्या मोसमात त्याने होम रनचा धडाका लावला.

२०२५ मध्ये एक पायरी वर, हाय-एच्या व्हँकुव्हर संघात. वय १९. पहिले काही आठवडे झकास गेले, मग उतार लागला. मोसम संपताना सरासरी ०.२२५च्या आसपास होती. म्हणजे हिशेबात धरलेल्या दर शंभर प्रयत्नांत साधारण २२-२३ वेळा चेंडू मारून बेस गाठला. बेसबॉलमध्ये ०.३०० म्हणजे उत्तम. त्यामुळे नुसता हा आकडा बघणारा म्हणेल, "फुगा फुटला."

जाणकार इथे थांबून आणखी तीन गोष्टी बघतो.

पहिली, वय आणि पायरी. बहुतेक पिचर त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे होते.

दुसरी, कोणता आकडा कुठे चाललाय. सरासरी खाली होती, पण स्ट्राइकआउटचं प्रमाण आदल्या वर्षापेक्षा कमी झालं होतं, आणि तेही वरच्या पायरीवर. याचा अर्थ त्याला चेंडू जास्त चांगला दिसायला लागला होता. क्रिकेटमध्ये आपण म्हणतो ना, "पोराला ऑफ स्टंप कळायला लागला"? तसंच हे. कोणता चेंडू सोडायचा हे कळणं ही शिकण्याची खूण आहे. मारलेला चेंडू फिल्डरच्या हातात जातो की दोघांच्या मधून निघतो, यात नशिबाचा वाटा बराच असतो. बॅट चेंडूला लागते की नाही, यात नशीब कमी आणि खेळाडू जास्त.

तिसरी, जागा. तो शॉर्टस्टॉपवर टिकेल का, की अंग भरल्यावर तिसऱ्या बेसवर सरकेल? निवड होण्याआधीपासून त्याच्याबद्दल ही चर्चा आहे. शॉर्टस्टॉपवर टिकला तर मध्यम बॅटिंगही चालते, कारण ती जागा सांभाळणारे थोडे असतात. तिसऱ्या बेसवर गेला तर बॅटिंगकडून मागणी वाढते. आपल्याकडे यष्टिरक्षकाला जो भाव मिळतो, तोच हा हिशेब.

मग निम्मला मेजर लीगमध्ये पोहोचेल का? आज याचं हो किंवा नाही असं उत्तर देणारा माणूस अंदाजाला भविष्य समजतोय. आज म्हणता येईल ते एवढंच: क्षमता होती ती शाबूत आहे, एक ठोस अडचण त्याने कमी करून दाखवली आहे, आणि पुढची पायरी, डबल-ए, जास्त चलाख पिचरांची आहे. तिथे पुन्हा कागद कोरा करून बघायचं.

शंभर प्रयत्नांचा फसवा आकडा

इथे एक छोटं गणित सांगतो, कारण त्यात फार जण फसतात. समजा एका खेळाडूने शंभर प्रयत्नांत २२ वेळा बेस गाठला, दुसऱ्याने २७ वेळा. पहिल्याची सरासरी ०.२२०, दुसऱ्याची ०.२७०. कागदावर एक बेताचा आणि एक चांगला. प्रत्यक्षात फरक आहे पाच चेंडूंचा. त्यातले दोन खडा लागून उसळले असतील, एक फिल्डर घसरून पडला म्हणून निसटला असेल. म्हणजे महिन्याभराच्या आकड्यावर मुलाचं भवितव्य ठरवणं ही चैन आहे.

डस्टिन पेड्रोयाचं उदाहरण घ्या. तोही दुसऱ्या बेसवरचा, तोही आडव्या-उभ्या मापाने लहानसा. २००६ मध्ये बोस्टन रेड सॉक्सकडून मेजर लीगमध्ये आला आणि त्या उरलेल्या मोसमात त्याची सरासरी होती ०.१९१. एवढ्यावर निकाल लावला असता तर? क्लबने लावला नाही. २००७ मध्ये तो आपल्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २००८ मध्ये सर्वोत्तम खेळाडू.

आपल्याकडची एक खेळी सगळ्यांना पाठ आहे. फेब्रुवारी १९८८, हॅरिस शील्ड, शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. त्या दिवसाच्या धावफलकावरून पारख केली असती, तर कांबळी २३ धावांनी पुढे. दोघंही भारताकडून खेळले. एक २०० कसोटी खेळला, दुसऱ्याच्या कसोटी १७ वर थांबल्या, तेही ५४च्या सरासरीने. त्या एका धावफलकात यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं.

रस्ता अडलेला असला तर

त्याच शारदाश्रमच्या संघात तिसरा एक मुलगा पॅड बांधून बसला होता, आणि त्याची पाळी आलीच नाही. अमोल मुजुमदार. पुढे त्यांनी मुंबईकडून रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा जमवल्या, मुंबईचं नेतृत्व करून रणजी करंडक जिंकला. भारताची टोपी मात्र कधी मिळाली नाही. त्यांच्या काळात भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण होते. अशा वेळी खेळाडूत कमी काय होतं, हा प्रश्नच चुकीचा ठरतो. जागा नव्हती.

बेसबॉलमध्ये पारख करताना हाही रकाना असतो: याच्या पुढे कोण उभा आहे? मुकी बेट्स हा बोस्टनने २०११ मध्ये पाचव्या फेरीत निवडलेला इनफिल्डर. मायनर लीगमध्ये तो दुसऱ्या बेसवर चमकला. पण वर त्या जागेवर कोण होता? हाच पेड्रोया. क्लबने २०१४ मध्ये बेट्सला आउटफिल्डमध्ये हलवलं. २०१८ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. आणि गंमत बघा, २०२५ मध्ये, तिशी ओलांडल्यावर, लॉस एंजेलिस डॉजर्सकडून तो मुख्य शॉर्टस्टॉप म्हणून खेळला. ज्याचे पाय आणि हात खरे, त्याला दुसरी जागा सापडू शकते. मात्र कोणीतरी ती जागा दाखवावी लागते.

मुजुमदारांनाही दुसरी जागा सापडली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक तेच होते. खेळ समजण्याची त्यांची ताकद कोणत्याही रणजी धावफलकात दिसली नसती.

आपल्या मैदानावर काय करायचं?

आता राइट टाउनच्या किंवा तुमच्या गावच्या मैदानाकडे वळू. आपल्याकडे ना १२० संघांची शिडी आहे, ना प्रत्येक मुलामागे स्काउट. पण या पद्धतीतल्या चार गोष्टी फुकट आहेत.

एक, वहीत मुलाच्या धावा लिहिता तेव्हा त्याचं वय महिन्यांसकट लिहा, आणि समोरचा संघ कोणत्या वयाचा होता तेही.

दोन, सामना नव्हे, सामन्याआधीचा सराव बघा. स्काउट मुद्दाम लवकर येतात. सरावात मुलाला एकामागून एक वीस चेंडू मिळतात, सामन्यात कदाचित दोनच. चेंडू सुटल्यावर पुढचा चेंडू तो कसा घेतो, यावर डोळा ठेवा. रागाने अंग आखडतं, की पाय पुन्हा जागेवर येतात?

तीन, दर चार महिन्यांनी एकच प्रश्न विचारा: मागच्या वेळी जी अडचण होती ती कमी झाली का? धावा वाढल्या का, हे नंतर. निम्मलाच्या २०२५च्या मोसमात हीच गोष्ट सांगण्यासारखी होती, आणि सरासरीच्या आकड्याने ती झाकून टाकली होती.

चार, अंदाजाखाली तारीख घाला. "सध्या बॅकफूटवर कच्चा आहे, मार्चमध्ये पुन्हा बघू" हे वाक्य मुलाला काम देतं. "याच्यात दम नाही" हे वाक्य त्याला घरी पाठवतं. दोन्ही वाक्यं एकाच निरीक्षणावरून निघू शकतात.

आणि आईबाबांसाठी एक. या मार्गावर बहुतेक मुलं शेवटपर्यंत पोहोचत नाहीत, तीस लाख डॉलर मिळालेल्यांचीही खात्री नसते. म्हणून शाळा चालू ठेवा. अमेरिकेत बारावीनंतर निवडलेल्या मुलांना कित्येकदा करारातच पुढच्या शिक्षणाचा खर्च लिहून मिळतो, कारण क्लबलाही शिडीवरची गळती माहीत असते. ज्यांचा पैसा लागलेला आहे ते लोक जर दुसरा रस्ता मोकळा ठेवत असतील, तर आपण तो का बंद करायचा?

तेव्हा पुढच्या वेळी कोणी विचारलं, "पोरात दम आहे का?" तर उलट विचारा, "किती वर्षांचा आहे, कोणासमोर खेळतोय, आणि गेल्या चार महिन्यांत काय शिकला?" या तिन्हींची उत्तरं देता आली, की पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी हातात येतं. निदान पुढच्या चार महिन्यांपुरतं तरी.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या मुलाची किंवा मुलीची वही आजच सुरू करा, आणि पहिल्या पानावर जन्मतारीख लिहायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.